माझ्या नावावरची परकी कर्जे

मी, जीवराम देवचंद भंगाळे, वय ६८, धंदा मोटार वाइंडिंग, राहणार वरणगाव, ता. भुसावळ, जि. जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. उमेद संपली आहे, डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. मला दोन अपत्ये : मुलगी कामिनी व मुलगा जितेंद्र. पत्नी सुगंधा गेल्या पौषात वारली. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डात ते ऑपरेशन बसले नाही. घर विकायला काढले, गिऱ्हाईक मिळाले नाही. ते तारण ठेवून कर्ज मागितले, तर बँकेने माझा क्रेडिट रिपोर्ट पुढे ठेवून नकार दिला. त्यात धुळ्याच्या एका फायनान्स कंपनीची दोन थकीत कर्जे होती. मी जन्मात धुळ्याहून कर्ज घेतलेले नाही.

२. ऑनलाइन तक्रार केली. उत्तर आले, "पडताळणी झाली, माहिती बरोबर आहे." पुन्हा केली. तेच उत्तर. शेवटी धुळ्याला त्या कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथल्या पुनम नावाच्या मुलीने संगणक माझ्याकडे वळवला. "काका, आधार तुमचंच आहे. हा मोबाइल नंबर कोणाचा?"

नंबर मला पाठ होता. जितेंद्रचा. माझे सगळे फॉर्म तोच भरत असे. पैसे मोबाइलवरच्या पत्त्यांच्या जुगारात गेले, हे त्याने नंतर कबूल केले.

३. पोलिसांत तक्रार दिल्याशिवाय कर्ज माझ्या नावावरून निघणार नव्हते. सुगंधा म्हणाली, "पोराले जेलात घालून मले वाचवू नका. मी अशीच बरी."

मी म्हणालो, "तू गेल्यावर हे घर कोणासाठी?"

"त्याच्यासाठी," ती म्हणाली.

तरी मी तक्रार दिली. जितेंद्रला पकडले. त्या दिवसापासून सुगंधा माझ्याशी बोलली नाही. दवाखान्यात मी उशाशी बसलेला असायचो, आणि ती पाणी मागायची कामिनीकडे. रिपोर्ट दुरुस्त व्हायच्या आत ती गेली. तिचे दिवस घालून झाल्यावर बँकेतून फोन आला, "भाऊ, तुमचा रिपोर्ट साफ झाला. आता कर्ज मंजूर होईल." मी फोन ठेवून दिला.

४. वरणगावचे राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते कामिनीला द्यावे. सुगंधाची इच्छा वेगळी होती, हे मला ठाऊक आहे. पण तिला आंघोळ घालणारी, भरवणारी कामिनी होती. बँकेतील शिल्लक व सुगंधाची पोतही कामिनीचीच.

५. दुकान भाड्याचे आहे, ते मालकाला परत करावे. वाइंडिंग मशीन, पक्कड-पाने व उरलेली तांब्याची तार जितेंद्रला द्यावी. हात त्याचा चांगला आहे. विकून खाल्ले तरी कुणी विचारू नये.

६. त्या फायनान्स कंपनीने आजवर दिलगिरीचा शब्द कळवलेला नाही. तिचा माणूस दारावर आल्यास बसायला सांगू नये. माझ्या मृत्यूचा दाखला बँकेत व रिपोर्ट देणाऱ्या कंपनीत लगेच पोचवावा. आधार व पॅनच्या झेरॉक्स जाळून टाकाव्यात. त्यापुढे माझ्या नावावर निघालेले कोणतेही कर्ज माझे नाही.

७. सुगंधाच्या चितेला कामिनीने अग्नी दिला. जितेंद्र तेव्हा कोठडीत होता. मी साहेबांकडे गेलो, हात जोडले, पण परवानगी येईपर्यंत सगळे आटोपले होते. आता तो जामिनावर सुटला आहे, सुरतेला असतो असे ऐकतो. माझ्या वेळी त्याला निरोप धाडावा. आला तर कुणी अडवू नये. न आला तर प्रेत ताटकळत ठेवू नये.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

जीवराम देवचंद भंगाळे

साक्षीदार :
१. हितेंद्र प्रल्हाद झोपे, शेजारी
२. रुपचंद ओंकार फिरके, निवृत्त शिक्षक

स्थळ : वरणगाव
दिनांक : १४ जून २०२५