काढलेल्या दोन ओळी

सोमवार, ७ जुलै

घडलं ते असं:

१. दादरच्या क्लासच्या सरांनी (आधी माझे शिक्षक, जूनपासून साहेब) विचारलं, 'प्रवेशाच्या वेळी आपण बुद्धिमत्ता चाचणी घेतो. पुढे मेडिकलला कोण लागणार हे त्यावरून कळतं का? तू स्टॅटवाली, बघून सांग.'

२. कळत असेल तर यंदा फुकट बॅचची मुलं त्याच चाचणीवर निवडणार. आजवर दहावीच्या मार्कांवर निवडायचे.

३. मी जुन्या बॅचेसची फाईल उघडली. एक्केचाळीस मुलं. दर मुलाची एक ओळ: चाचणीचे गुण, नीटचे गुण.

४. दोन ओळी चित्र बिघडवत होत्या. एक मुलगी चाचणीत पहिली, नीट दोनदा देऊन सीट नाही. ती मी. दुसरी मुलगी चाचणीत शेवटून चौथी, आज परळला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. ती सायली, शेजारची.

५. दोन्ही ओळी काढल्या. ठिपके रांगेत आले.

६. रिपोर्ट दिला: 'चाचणी उपयोगी आहे.' ओळी काढल्याचं लिहिलं नाही.

मंगळवार, ८ जुलै

सा.चा एप्रन गॅलरीत, आमच्या दारासमोर वाळत. तीन चिमटे. त्यांच्या दारासमोरची दोरी रिकामी. तिची आई, काकी, न विचारताच म्हणाली, 'हय ऊन बरा येता गो, म्हणान.'

खोटं नाही. ऊन आमच्याच दारासमोर येतं.

आई आतून: 'एप्रन काय पळून नाय जात. तव्याकडे बघ, बांगडा करपला.'

गुरुवार, १० जुलै

सर खूश. रिपोर्टमधलं वाक्य माहितीपत्रकात घालणार म्हणतात. वर्गात माझ्याकडे बोट दाखवून, 'ही बघा, आपल्या चाचणीतली आजवरची पहिली.' मुलांनी वळून पाहिलं. मागून कोणीतरी, 'मग ही इथे काय करते?' हसू. सरही हसले.

प्रश्न रास्त आहे. नोंद करून ठेवते.

नीटला दुसऱ्यांदा बसले तेव्हा फिजिक्सच्या एका प्रश्नावर मी अकरा मिनिटं घालवली. येत होता, म्हणून सोडून पुढे जाववेना. शेवटी सुटला, उत्तरही बरोबर. चार गुण. बायोचे शेवटचे तेरा प्रश्न कोरे राहिले. त्यांतले बहुतेक मी सा.ला जिन्यात बसून शिकवले होते.

तिने तो फिजिक्सचा प्रश्न वाचलाही नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाली, 'लांबलचक होता गं, म्हटलं जाऊ दे.'

जाऊ दे.

शुक्रवार, ११ जुलै

फुकट बॅचची यादी लागली. केतकी नाही. केतकी म्हणजे सा.ची धाकटी बहीण, यंदा दहावी झाली. दहावीच्या मार्कांवर सहज बसली असती. चाचणीत दोन गुणांनी गेली.

तिचा अर्ज आलाय हे सोमवारी मला माहीत होतं. नव्हतं असं निदान इथे तरी लिहिणार नाही.

संध्याकाळी काकींच्या घरात आवाज नाही. एरवी टीव्ही असतो.

शनिवार, १२ जुलै

सा. आली. हॉस्पिटलातून थेट, एप्रन हातावर, खिशाला शाईचा डाग. उंबऱ्यावरच बसली.

'मने, केतू रडून रडून झोपली. म्हणते, मी ढ आहे. मी म्हटलं, मी पण त्याच चाचणीत ढ निघाले होते. मनीला विचार, ती पहिली आलेली.'

मी तिच्यापुढे पाणी ठेवलं.

'तुझा कसला राग यायचा मला. तू एकदा वाचायचीस की झालं. मी चार-चार वेळा.'

'अजून येतो?'

'छे. आता कशाला?'

तिने सहज म्हटलं. तिच्यात कुजकेपणा नाही, तीच अडचण आहे. मला तिच्या एप्रनचा हेवा वाटतो हे मला तीन वर्षं माहीत होतं. 'आता कशाला' म्हणता येण्याचा हेवा आज कळला.

जाताना: 'तू फाईल बघतेस ना गं? केतूचं कुठे चुकलं तेवढं सांगशील? पुढच्या वेळी तयारी करून घेईन.'

हो म्हटलं.

रविवार, १३ जुलै

दोन्ही ओळी परत टाकल्या. ठिपके विखुरले. चाचणीवरून थोडं काही कळतं, पण कोणाला दार बंद करण्याइतकं नाही. शिवाय ज्यांना क्लासने घेतलंच नाही ती मुलं फाईलमध्ये नाहीतच. हे सोमवारीही दिसत होतं.

बुद्धीवरच सीट मिळते असं ठरलं असतं तर मी चुकून मागे राहिले, असं झालं असतं. आता मी नुसती मागे राहिले.

केतूचं कुठेच चुकलेलं नाही. सा.ला हे अजून सांगितलेलं नाही.

आई: 'पेज घे. सकाळपासून त्या डब्यासमोर बसलीयस.' प्यायले.

सोमवार, १४ जुलै

सरांना पत्र दिलं. 'मला हेवा वाटतो' हे वाक्य दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा ठेवलं. नोकरी राहील असं वाटत नाही. नक्कल:

'सर, ७ तारखेचा माझा रिपोर्ट चुकीचा आहे. त्यातून मी दोन ओळी काढल्या होत्या, माझी आणि सायलीची, आणि तसं लिहिलं नव्हतं. सायली माझी शेजारीण. मला तिचा हेवा वाटतो. काढण्याचं दुसरं कारण नव्हतं. पूर्ण फाईल सोबत जोडली आहे. त्या फाईलवरून दिसतं की फक्त या चाचणीवर निवड करता येत नाही. माहितीपत्रकातलं वाक्य काढावं. फुकट बॅचची यादी दहावीच्या मार्कांवर पुन्हा लावावी. त्या यादीत सायलीची बहीण केतकी येते, म्हणून यादी मी नाही, दुसऱ्या कोणी तपासावी. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते नंतर ठरवा. बॅच सोमवारी, २१ तारखेला सुरू होते. यादीबद्दलचं उत्तर शुक्रवार, १८ जुलैच्या संध्याकाळी सहापर्यंत द्यावं, ही विनंती.'