दोन ते चार, मागची खिडकी

१ फेब्रुवारी, सोमवार
सात! वाचनालय उघडून महिना झाला आणि सभासद सात!
डॉक्टर गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांची सगळी पुस्तकं आणि चार कपाटं आम्हाला दिली. अट एकच – ‘फेब्रुवारीअखेर चाळीस वाचक दाखवा. नाहीतर शहरातल्या कॉलेजला देऊन टाकीन. धूळ खायला दिलेली नाहीत.’
माझ्या बाजूने सगळं चोख आहे. आमच्या घराची पुढची खोली दिली. संध्याकाळी पाच ते आठ मी आणि डॉक्टरांचा जुना कंपाउंडर आळीपाळीने बसतो, एक पैसा न घेता. अर्जात अकरा प्रश्न. सतरा नियमांचा फलक मी स्वतः रंगवला.
ही म्हणते, ‘अहो, ते वाचनालय आहे. बस नव्हे.’
एकतीस वर्षं मी बसवर चेकर होतो, म्हणून हा टोमणा.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
आज एक बाई दारापर्यंत आल्या, मला बघितलं आणि उलट्या पावली परत! ओळखलं मी. विनातिकीट पकडलं होतं एकदा. बेकरीवाल्याला तर दोनदा. अर्धं गाव माझ्या हाती सापडलेलं आहे. आता यात माझा काय दोष?

९ फेब्रुवारी, मंगळवार
चोरी!! तिसऱ्या कपाटातली नऊ पुस्तकं गायब. वाचक नाहीत पण चोर आहेत – वा रे गाव!
हिला विचारलं. ‘मला कुठला वेळ तिकडे बघायला,’ म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

११ फेब्रुवारी, गुरुवार
नवांतली पाच परत जागेवर. वर दुसरी सहा गेली! नेतो काय, आणून ठेवतो काय – असला कसला चोर? डोकं चालेना.
सगळ्या कपाटांना कुलपं लावली. किल्ल्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, थेट हिच्या नजरेखाली. आता बघू!

१६ फेब्रुवारी, मंगळवार
आणखी चार गेली. कुलपं शाबूत.
कंपाउंडरला सरळच विचारलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला. ‘तिकीट दाखवू का, साहेब?’ म्हणाला आणि निघून गेला. फार लागलं मला ते. त्यालाही लागलंच असणार.

२० फेब्रुवारी, शनिवार
सगळं जसंच्या तसं लिहितो.
दुपारी दोन ते चार मी झोपतो, हे गावाला ठाऊक आहे. आज दाढ ठणकत होती, डोळा लागला नाही. स्वयंपाकघरात कुजबुज. दारामागे जाऊन उभा राहिलो. ही मागच्या गल्लीकडच्या खिडकीशी. ओट्यावर पुस्तकांचा ढीग. खिडकीबाहेर माणसंच माणसं!
बेकरीवाला म्हणत होता, ‘वहिनी, मागचं फार रडवणारं होतं. तसलंच आणखी आहे का?’
‘हे न्या. पण भट्टीपाशी वाचू नका, पाव करपतील.’
एक मुलगी – ‘मावशी, याचा शेवट गोड आहे ना?’
‘ते मी नाही सांगणार. रुमाल जवळ ठेव.’
म्हणजे हिने ती सगळी वाचली आहेत! लग्नाला चौतीस वर्षं झाली, आणि हिला वाचनाचं वेड आहे हे मला चोरीच्या तपासात कळतंय. काखेत कळसा नि गावाला वळसा.
तेवढ्यात बाहेरून कोणीतरी – ‘वहिनी, आज साहेबांचं घोरणं ऐकू येत नाही हो!’
सगळं चिडीचूप. पावलं सरकायला लागली.
आणि मी काय केलं? पाय न वाजवता पलंगावर गेलो, पांघरूण ओढलं आणि घोरायला लागलो! मोठमोठ्यानं! हळूहळू पुन्हा कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हसलं.
राग आला होता. अजूनही आहे. पण घोरलो खरा.

२१ फेब्रुवारी, रविवार
हिच्याशी दिवसभर बोललो नाही. हिच्या लक्षातही आलं नाही – वाचत होती.

२२ फेब्रुवारी, सोमवार
घोरलो. दोन ते चार.

२४ फेब्रुवारी, बुधवार
घोरलो. घसा बसलाय.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार
कंपाउंडरच्या घरी जाऊन माफी मागितली. ‘मलाही ठाऊक होतं, साहेब,’ म्हणाला. ‘मीसुद्धा खिडकीवरूनच नेतो.’ दोघं हसत सुटलो.
संध्याकाळी ही बाहेर गेली तेव्हा डब्यामागे तिची वही सापडली. अठ्ठावन्न माणसं! अर्ज नाही, नियम नाही. नुसतं – ‘बेकरीवाले: रडायला आवडतं, कबूल करत नाहीत.’ ‘कंपाउंडर: भुतांच्या गोष्टी, पण दिवसाच वाचतो.’ माझ्या अकरा प्रश्नांत हा एक प्रश्न नव्हता.
शेवटच्या पानावर – ‘आमचे हे:’ आणि पुढे कोरं.
लिहिणार तरी काय? इतकी पुस्तकं राखतो, पण त्यातलं एकही मी उघडलेलं नाही.

२७ फेब्रुवारी, शनिवार
माझ्या रजिस्टरात अजून सातच. ते दाखवलं तर कपाटं जातील आणि हिची खिडकीही बंद होईल. वही दाखवली तर गावात माझं हसं होईल.
होऊ दे! फलक उतरवला. डॉक्टरीणबाईंना उद्या पाचला नको, तीनला या म्हटलं – मागच्या गल्लीने.

२८ फेब्रुवारी, रविवार
डॉक्टरीणबाई आल्या, रांग बघितली, वही चाळली. डोळे पुसत म्हणाल्या, ‘माझं नाव कुठे लिहू?’ कपाटं राहिली.
मी रांगेत त्यांच्या मागे उभा होतो. माझा नंबर आला. ही माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘खोटं घोरणं काही जमत नाही हं तुम्हाला. पहिल्याच दिवशी कळलं.’ मग वहीचं शेवटचं पान उघडलं.
‘काय वाचायला आवडतं?’
‘माहीत नाही,’ म्हणालो.
‘शोधू,’ म्हणाली.