रेशमावरचं अक्षर

अंधेरी,
ऑगस्ट १९५७

प्रिय उत्तरे,

रेशमी रुमाल कसा झाला, असं जावईबापूंनी कार्डात विचारलंय. छान झाला. सांगते सगळं, पण घरचं सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही, हे तुला ठाऊकच आहे. भाऊंचा खोकला बरा आहे. काढा बघितला की अजून तोंड फिरवतात. आरेचं बाटलीतलं दूध आता कोपऱ्यावर मिळतं, साय मात्र बेताचीच. कुंपणावर दुधी लागलेत, आणि खायला आम्ही दोघंच.

आता रुमालाचं. तू तेव्हा लहान होतीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. बेचाळीस साली आपल्याकडे पत्रकं छापायला यंत्र कुठलं असणार? तुझा अनंतादादा एकेक पत्रक हाताने लिहायचा. त्याला धरून नेलं त्याच दिवशी भाऊंनी त्याच्या वह्या, चिठ्ठ्याचपाट्या, सगळं बंबात घातलं. मी त्यांना दोष देत नाही. बापाच्या पदरात तू होतीस, नोकरी सरकारी होती. एक पत्रक तेवढं मी लोणच्याच्या बरणीवर बांधलेल्या दादऱ्याच्या घडीत दडवलं. पोलिसांनी माळासुद्धा उपसला, पण लोणच्याला कोण हात लावतो! कागदाच्या कोपऱ्याला तेल लागलं, एवढंच. पुढे तुरुंगात अनंताला विषमज्वर झाला आणि आमच्या हाती फक्त त्याचे कपडे आले. तुरुंगातून त्याचं पत्र असं कधी आलंच नाही.

यंदा स्मृती समितीने ते पत्रक रेशमावर उतरवून घरोघरी द्यायचं ठरवलं. अनंताचा वर्गमित्र म्हणून आपला श्यामकांतच मागायला आला. मी त्याला बजावलं, कुणी त्यावरून गिरवलेलं मला चालणार नाही, माझ्या लेकाचंच अक्षर रेशमावर आलं पाहिजे. तोही हो म्हणाला. जोगेश्वरीला दशरथ नावाचा कोकणातला माणूस रेशमावर छपाई करतो. अक्षर जसंच्या तसं हवं तर मूळ कागदच सरस लावलेल्या जाळीवर ठेवून उन्हात धरावा लागतो, आणि शाई सोडून बाकी कागदातून उजेड पार जायला हवा. लोणच्याच्या तेलाचा तो कोपरा आरपार दिसत होता. तो बघून दशरथने सगळ्याच कागदाला तेल लावलं. मी मागितलं तेच करत होता बिचारा. पण हवा दमट, जाळीवरचा सरस कागदाला चिकटला, आणि सोडवायला गेला तर कागदाचा लगदा हातात आला. जाळीवर अक्षरं उमटली, तीही तुटकी.

दशरथ स्वतः येऊन दारात उभा राहिला. हातात केळीचं पान, त्यात तो लगदा. फेकायला त्याचा हात धजेना. मी त्याला चहा दिला. रागावले असते तर बरं झालं असतं, पण राग आलाच नाही गं. काहीच आलं नाही.

समारंभाची तारीख ठरलेली, तेव्हा समितीने पाट्या रंगवणाऱ्याकडून मजकूर नव्याने लिहून घेतला आणि रुमाल वेळेवर छापले. मला व्यासपीठावर बोलावून एक हातात दिला. टाळ्या झाल्या. भाऊ कधी नव्हे ते रडले. मी घडी उलगडून बघितली. अक्षर फार सुबक आहे, ओळीत बसवलेलं, मोत्यांसारखं. अनंताचा एकही र त्यात नाही. अनंताचा र मागे रेललेला असायचा, टाक कोरडा पडला की शाई न घेता तसाच पुढे रेटायचा, आणि पूर्णविराम असा ठोकायचा की कागदाला भोक. आता त्याचा आवाज मला आठवत नाही. फोटोत तो कपाळाला आठ्या घालून बसलाय, तसा तो घरात कधीच नव्हता. त्या कागदावर मात्र तो होता.

परवा तुझ्याकडून राखीचं पाकीट आलं, दादाच्या जागी मानतेस त्या श्यामकांतसाठी पाठवलेलं. एरवी कार्डं जावईबापू लिहितात, तुझा नमस्कारही त्यांच्याच हातचा. या पाकिटावरचा पत्ता मात्र तुझ्या हातचा होता. अंधेरीतला र मागे रेललेला. मी उंबऱ्यावरच बसले. तुला पाटीवर मुळाक्षरं त्यानेच गिरवायला शिकवली, तुझा हात हातात धरून. तुझं अक्षर वाकडं म्हणून मास्तर ओरडायचे, आठवतं? ते वाकडं नव्हतं, पोरी. ते त्याचं होतं.

म्हणून हे पत्र. राग मानू नकोस, तू मला तुझ्यासाठीही हवीच आहेस. पण यापुढे कार्डं जावईबापूंना लिहू देऊ नकोस, तू लिही. भाजीचे भाव लिही, शेजारणीची भांडणं लिही, काहीही लिही. मायन्यात मात्र तीर्थरूप वगैरे घालू नकोस, नुसतं ‘आई’ लिही. त्या पत्रकात सगळं होतं गं, देश होता, हरताळ होता, स्वातंत्र्य होतं. तो एक शब्द तेवढा त्याच्या हातचा माझ्याकडे कधीच नव्हता.

तुझीच,
आई