एक सोडून

६ जानेवारी

रुजू झालो! तीन महिने घरी बसून भिंतींना भाषणं दिलीत, आता ऐकायला यंत्रं तरी मिळाली, असं बायको म्हणाली. निघताना डबा हातात देत बजावलं की पहिल्याच दिवशी साहेबांना क्रांती शिकवायची नाही, निदान दुपारपर्यंत दम धरायचा. धरला.

इमारत बाहेरून गोदामासारखी, बिनखिडक्यांची. आत नियंत्रण कक्ष: दोन टेबलं, दोन खुर्च्या, समोर भिंतभर बोर्ड. डावीकडे जाड काच आणि काचेपलीकडे हॉल. सहा रांगा, रांगेत वीस कपाटं, कपाटांत खच्चून सर्व्हर. हजारो पंख्यांची सलग घरघर. आत गेलं की स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. शेजारच्या खुर्चीवर ताई बसतात, वीस वर्षं झाली त्यांना इथे. माझं बोलणं अर्धा तास ऐकून त्या म्हणाल्या की तुम्हाला आत पाठवणं हीच मोठी शिक्षा होईल. माझं नाव त्यांनी ‘वक्ते’ ठेवून टाकलं.

सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे इथली देखरेख खुल्या कोडवर चालते. छोटी छोटी प्लगिनं, म्हणजे वरून जोडलेले प्रोग्राम, दर पाच मिनिटांनी प्रत्येक यंत्राला विचारतात, बाबा, कसा आहेस? पंखा फिरतोय का, तापमान किती, वीज नीट येते का? उत्तरं चारच: ठीक, इशारा, गंभीर, माहीत नाही. या चौथ्या उत्तरावर माझा जीव आहे. ‘माहीत नाही’ असं सरळ सांगणारे अधिकारी मी आयुष्यात दोन-तीनच पाहिले. इथे शंभर ओळींचं प्लगिन ते रोज सांगतं! आणि त्या शंभर ओळी जगातला कुणीही उघडून वाचू शकतो. मी हे तीस सभांत सांगितलं आहे, पुन्हा सांगेन: कुलूप लावलेल्या सत्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

९ जानेवारी

आज इथली एक विचित्र रीत कळली.

हॉलमध्ये आग लागली तर पाणी चालत नाही, वायू सोडतात. तो हवेतला प्राणवायू हटवतो. आग विझते, आणि आत माणूस असेल तर तोही. वर्षातून दोनदा खरा वायू सोडून चाचणी होते. त्याआधी दारं बंद करून, हॉल रिकामा आहे हे बोर्डावर पाहून, कामावरच्या माणसाने किल्ली फिरवायची. बोर्डावर त्यासाठी एक चौकट आहे: ‘हॉलमध्ये माणसं’. तिचंही एक प्लगिन आहे. ते दाराची कार्डं मोजतं, उष्णतेचे डाग मोजतं आणि जमिनीच्या फरश्यांवरचं वजन पाहतं.

हॉल रिकामा असताना ही चौकट ‘एक’ दाखवते. सात वर्षं.

ताईंनी रजिस्टर दाखवलं. पानंच्या पानं, प्रत्येक पाळीच्या शेवटी एकच मजकूर: एक सोडून शून्य. मी थक्क झालो. हे कसं चालतं म्हणून विचारलं, तर ताई हसल्या. तुमच्या घरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं की नाही, म्हणाल्या, तसंच हे.

शिवाय हॉलच्या आत दाराजवळ ‘थांबवा’चं लाल बटण आहे. त्याचा इशारा अधूनमधून आपोआप येतो. ताई वर न बघता ‘पाहिलं’वर टिचकी मारतात आणि इशारा गप्प होतो. त्याची सवय आहे, म्हणाल्या. ‘त्याची’ म्हणजे बटणाची, असं मी समजलो.

१५ जानेवारी

मोजणीचं प्लगिन ओळ न् ओळ वाचलं. चूक नाही. इतका स्वच्छ कोड क्वचितच वाचायला मिळतो. लिहिणारा माझ्या आधी माझ्याच खुर्चीवर बसायचा. सगळ्यांना समजावून सांगायची हौस, म्हणून त्याला मास्तर म्हणत.

मास्तर कुठे गेले, असं विचारल्यावर ताईंनी कप खाली ठेवला. सात वर्षांपूर्वी चाचणीच्या सकाळी ते हॉलमध्ये गेले, इतकंच त्यांना माहीत आहे. आत शिरताना कार्ड दाराजवळच्या खाचेत ठेवावं लागतं, बाहेर पडताना तेच काढल्याशिवाय दार उघडत नाही. मास्तरांचं कार्ड खाचेत होतं. हॉल तीनदा पिंजून काढला, फरश्या उचलून पाहिल्या. माणूस नाही. साहेबांनी राजीनामा दिला असं लिहून फाइल बंद केली.

चाचणीच्या वेळी बोर्डावर काय होतं, असंही विचारलं. ताई म्हणाल्या, पुरे झालं, वक्ते.

२ फेब्रुवारी

तिन्ही मोजण्या वेगवेगळ्या करून पाहिल्या. आधी उष्णता मोजली, एक. मग वजन मोजलं, एक. कार्डाची नोंद तीच, आत गेलेलं आणि न निघालेलं. तीन साक्षीदार एकमेकांना न भेटता तीच साक्ष देतात. कोर्टात मी याला निर्विवाद पुरावा म्हटलं असतं.

भर दुपारी स्वतः आत जाऊन उभा राहिलो. ताईंनी काचेतून दोन बोटं दाखवली. सहाही रांगा हिंडलो. कुणी नाही. बाहेर आल्यावर उष्णतेचा नकाशा उघडला तर एक डाग माझा होता आणि दुसरा माझ्या मागे तीन पावलांवर. मी वळलो तिथे तोही वळला होता.

घरी सांगितलं नाही. मुलीने, आमच्या चिमणीने, विचारलं, बाबा, आज भाषण का नाही? डोकं दुखतंय म्हणालो.

१८ फेब्रुवारी

पुढच्या आठवड्यात तपासनीस येणार आहेत. रिकाम्या हॉलमध्ये माणूस दाखवणारा बोर्ड त्यांच्यासमोर चालणार नाही. साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, तुम्ही एवढं बोलता, एक आकडा दुरुस्त होत नाही? मी सांगितलं की कोडमध्ये चूक नाही. ते म्हणाले, मग चूक नसलेल्या कोडमध्ये एक ओळ वाढवा.

वाढवली. आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. बस्स. बोर्डावर शून्य आलं, हिरवं झालं. ताईंनी टाळ्या वाजवल्या आणि रजिस्टरमध्ये सात वर्षांत पहिल्यांदा नुसतं ‘शून्य’ लिहिलं.

खरं म्हणजे तिथे ‘माहीत नाही’ लिहायला हवं होतं. हे मला लिहितानाही कळत होतं. कळूनही मी —

२० फेब्रुवारी

लाल बटणाचा इशारा दिवसभरात एकवीस वेळा. ताईंचं बोट दुखलं.

२६ फेब्रुवारी

तपासनीस खूश होऊन गेले. साहेबांनी खांद्यावर थाप मारली. त्या भरात मी माझी ओळ प्लगिनच्या जाहीर पानावर पाठवली. वर शीर्षक दिलं: ‘रिकाम्या हॉलमध्ये दिसणारा जास्तीचा माणूस काढला.’ दोन दिवसांत ती हे प्लगिन वापरणाऱ्या गावोगावच्या सगळ्यांच्या प्रतीत गेली. माझ्या सभा ऐकलेले लोक आहेत तिथे. कुणी शंका काढली नाही. हजार डोळे वाचतात म्हणून खुला कोड सुरक्षित, असं मी गर्जून सांगत आलो. त्या हजार डोळ्यांनी फक्त माझं नाव वाचलं.

११ मार्च

जाहीर पानावर निरोप. परक्या गावच्या परक्या हॉलमधून, एका बाईंचा. जसाच्या तसा उतरवतो:

‘आमच्याकडे जास्तीचं कोणी नव्हतं. तुमच्या ओळीने आमचा खरा माणूस वजा झाला. तो आत तारा जोडत होता. बोर्डावर शून्य होतं, म्हणून आम्ही वायू सोडला. माझा धाकटा भाऊ आहे तो. अजून बोलत नाही. तुम्ही असं का लिहिलंत, एवढंच सांगा.’

सकाळपासून उत्तर लिहितोय. एक वाक्य जमत नाही.

१२ मार्च

बायकोला सगळं सांगितलं. तिने त्या बाईंचा निरोप दोनदा वाचला. मग म्हणाली, व्यासपीठावर कधी अडखळला नाहीत, मग माफी मागतानाच जीभ का अडते? रडलो.

माफी लिहिली. जाहीर पानावरून ओळ काढून घेतली. सगळ्यांना कळवलं की ती खोटी होती, लगेच काढा.

साहेब मात्र इथली ओळ काढू देत नाहीत. तपासणी झालेल्या बोर्डाला हात लावायचा नाही, म्हणाले. टेबलावरून कोड बदलायचा माझा अधिकार काढून घेतला.

१४ मार्च

परवा सकाळी अकरा वाजता इथली चाचणी. चौथ्या रांगेतल्या वायरिंगवर दोन कारागीर येत-जात असतात. एक जण जरी आत राहिला तर माझ्या ओळीमुळे बोर्ड दोनऐवजी एक दाखवणार, आणि सात वर्षांच्या सवयीने तो एक सोडला जाणार. माझ्यामुळे आणखी एक भाऊ — नाही. हे होऊ देणार नाही.

देखरेखीचा सर्व्हर हॉलमध्येच आहे, तिसऱ्या रांगेच्या टोकाला. टेबलावरून नाही तर तिथे जाऊन करता येईल.

१६ मार्च, सकाळी ९.३०

ताईंना सांगितलं: दहाच्या आत ओळ काढून बाहेर येतो. दहानंतर बोर्ड पुन्हा जुन्यासारखा, एक जास्त दाखवेल. त्यांनी मान डोलावली. म्हणजे पुन्हा एक सोडून ना, म्हणाल्या. हो, म्हणालो. सुटल्यासारखं वाटलं. नोकरी जाईल, जाऊ दे.

१०.३६

उशीर झाला. कपाटाचं कुलूप अडकलं होतं. ही वही बरोबर होती म्हणून कपाटाला टेकून लिहितोय. कारागीर मघाशीच गेले, काचेतून जाताना दिसले. ओळ काढली. काढली! पुढच्या मोजणीत आकडा खरा होईल. मी आणि तो. दोन. हे दोन पाहून मगच निघायचं ठरवलं आहे.

मानेवर ऊब येतेय. या हॉलमध्ये ऊब कुठून?

१०.४०

मोजणी झाली. इथल्या छोट्या पडद्यावर ‘हॉलमध्ये माणसं: १’.

एक कसा? दोन हवेत. तीन वेळा पाहिलं. नकाशावर एकच डाग आहे आणि तो मी आहे. मागे कुणी नाही. सात वर्षांत पहिल्यांदा मागे कुणी नाही.

१०.४४

दाराशी गेलो. खाच रिकामी. माझं कार्ड नाही.

परत पडद्याशी येऊन नोंदी पाहिल्या. १०.३८. बाहेर. माझं कार्ड.

१०.५०

दार उघडत नाही. चाचणीआधी बंद होतात ती सगळी. काचेवर मुठी आपटल्या — पंख्यांच्या आवाजात मलाच ऐकू येत नाहीत. ताई बोर्डाकडे बघतायत. वीस वर्षं बोर्डाकडेच बघत आल्या.

माझ्या खुर्चीवर कुणीतरी बसलंय. पाठमोरं. ताईंनी दोन कपांत चहा ओतला. एक त्याच्यापुढे सरकवला. हसून काहीतरी म्हणाल्या. ओठ ‘वक्ते’ असे हलले, मला म्हणतात तसंच —

१०.५४

लाल बटण दाबलं. दाबून धरलं. पुन्हा. पुन्हा.

बटणावरच्या छोट्या पडद्यावर ओळ आली: थांबवा, दाराजवळ.

लगेच पुढे: पाहिलं — ताई.

पुन्हा दाबलं. पाहिलं — ताई. पाहिलं — ताई. पाहिलं —

मास्तर, तुम्ही सात वर्षं हे —

१०.५७

पंखे मंदावले. आता माझा आवाज ऐकू येतोय. ओरडलो. जाड काच. माझा आवाज माझ्याकडेच —

त्या बाईंना उत्तर पोचलं का, तेवढं —

चिमणीला सांगा बाबांनी ओळ काढली होती. काढली होती

ताईंनी रजिस्टर ओढलं. बोर्डावर एक आहे. तो मीच सांगून आलोय सोडायला. पेन उचललं. दोन शब्द झाले असतील. तिसरा लिहायच्या आत वर बघा ताई, हा एक खरा आहे, हा एक मी आ