वरवंट्याचं वय

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? देवाच्या कृपेने इथे सगळे ठीक, फक्त लेकीने कालपासून माझ्याशी अबोला धरलाय. तुम्ही चौथ्यांदा वरवंट्याचं विचारलंत, त्याकडे येतेच.

तुमची भाची दगडांचं वय काढते, हे तुम्हाला ठाऊकच आहे (तिच्या स्वतःच्या वयाचा विषय निघाला की मात्र उठून जाते). प्रयोगशाळेला रंग द्यायचा होता, म्हणून तिने सात दगड घरी आणून ठेवले. मातीने बरबटलेले, वर शाईने आकडे. देवांशेजारी ती घाण मला बघवेना. मी घासूनपुसून धुतले, त्यात आकडेही गेले (शाईच हलकी). सहा परसात वाळत घातले आणि शेजारी आपला वरवंटा (तो अर्धा तुटला होता, हे कळवायचं राहूनच गेलं). लेकीने घाईत मोजले, सात भरले, नेले. सहा तिने ओळखले, सातवा ‘हाच असणार’ म्हणाली.

तिथे म्हणे दगड कुटतात, पूड चाळतात आणि रव्याहून बारीक असे जिरकॉन नावाच्या खनिजाचे दाणे वेचतात (घरी तांदूळ निवडायला सांगितले की हिचे डोळे दुखतात). खडक जमिनीच्या पोटात भाजला, पिळवटला, पार बदलला तरी हा दाणा आतून तसाच, फार तर अंगावर नवा थर धरतो. सासुरवाशीणच म्हणा ना! त्यातल्या युरेनियमचं ठरल्या चालीने शिसं होत जातं. गहू किती उरले नि पीठ किती झालं, यावरून डबा कधी भरला ते मी सांगते, तसंच ते.

सहा दगड अडीचशे कोटी वर्षांचे निघाले. सातवा तीनशे वीस कोटींचा! तिचे साहेब खुर्चीतून उठून नाचले. महिनाअखेरीस तिने भरसभेत तो दगड जाहीर करायचा, नोकरी कायम होणंही त्यावरच. मोठ्या अभिमानाने तिने मला त्याचा कुटण्याआधीचा फोटो दाखवला. वन्सं, सासूबाईंनी घासून घासून आणलेली ती एका अंगाची चकाकी मी लगेच ओळखली.

गप्प बसता आलं असतं. पण रोज देवापुढे हात जोडायचे असतात. सांगून टाकलं.

“आई, मी आजीचा वरवंटा कुटला?” तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, “तो आला कुठून?”

“आजीच्या लग्नात.”

“लग्नात नाही गं, कुठल्या डोंगरातून!”

मला काय ठाऊक? तेव्हापासून अबोला.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. वरवंटा आता मागू नका. उरलेली पूड डबीत जपून ठेवली आहे.

ता. क. पाटा तुमच्याकडे आहे, आणि दोन्ही एकाच दगडाचे, असं सासूबाई सांगत. तो कुठल्या टेकडीचा, ते उलट टपाली कळवा. जागा सापडली तर शोध खरा ठरेल, पोरीची मान वर राहील. पाट्याचा एक कोपराही फोडून पाठवा, वाटायला कोपरा लागतो कुठे? आणि धुऊ नका.

ता. क. आमचं डुगडुगतं कपाट आता अगदी घट्ट उभं आहे. त्याच्या पायाखाली काय आहे, ते लेकीने अजून विचारलेलं नाही.