माझ्या हातची भवानी

शनिवार, संध्याकाळ

आज सकाळी बांगड्याचा कल्ला उचलून ती मला आतला लाल रंग दाखवत होती, तेवढ्यात वॉचमन म्हणाला, "मावशी, पाटी उचला. आत मासळी विकायची नाही, कमिटीचा नियम आहे."

सुमनमावशी करंजा बंदरावरच्या लिलावातून मासळी घेऊन पनवेलला येते. आमच्या सोसायटीत दिवसाची पहिली विक्री, तिची भवानी, कित्येक वर्षं माझ्याच हातची.

"वास येतो म्हणे," ती म्हणाली. "खाताना नाय येत. ताई, तुमी काय बोल्ला नाय का?"

काय बोलणार? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बाहेरच्या विक्रेत्यांना बंदी' एवढंच वाचून मी अंगठा दिला होता. मला वाटलं, चादरवाल्यांबद्दल असेल. पूर्ण वाचलं असतं तर विरोध केला असता? खात्री नाही.

अध्यक्षांना फोन केला. "मॅडम, ॲपवरून मागवा ना. स्वच्छ पाकिटात येतं." पाकिटातल्या माशाला डोकंच नसतं. कल्ला कुणाचा उचलून बघायचा? हे मी त्यांना बोलले नाही. इथे लिहिते आहे. संताप त्यांच्यावर आहे, आणि त्याहून जास्त माझ्या त्या अंगठ्यावर.

मी फोनवर वाद घालत राहिले आणि मावशी भवानी न होताच निघून गेली.

रविवार. सकाळी पाटी गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला होती. मी पोचले तेव्हा अध्यक्षांच्या पत्नी कल्ला उचलून बघत होत्या. भवानी त्यांच्या हातची झाली.