जवळ्यातली थोटकं

धाकटी डहाणू,
२ डिसेंबर २०१८

प्रिय बारक्या,

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून हे पत्र. इकडे बाकी ठीक आहे. बोंबील काठ्यांवर टांगलेत, मांजरं माजलीत, आणि विनोदच्या होडीचं इंजिन पुन्हा रुसलंय. आई मात्र दिवाळीनंतर वाणगावच्या बाजारात एकदाच गेली, मग गेलीच नाही.

तिची सवय तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक समोर बसलं की टोपलीतला चिमूटभर सुका जवळा आधी स्वतःच्या तोंडात टाकायचा, भावाचं नंतर. तर त्या दिवशी कमळी, डोंगराकडच्या पाड्यावरून येऊन कायम आईकडूनच जवळा नेणारी, हातात एक पुडी घेऊन आली. "चिमीबाय, यो कापूस कसला गं? नातवाच्या चटणीत आला," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात आई कुणाला ऐकत नाही. पुडीत सिगारेटचं थोटूक होतं, उन्हाने विटून अगदी जवळ्याच्या रंगाचं झालेलं. आईने सवयीने टोपलीतून चिमूट उचलली, पण तोंडात काही टाकली नाही.

घरी टोपली उलटली तर आणखी निघाली. खळ्यावर वाळलेला जवळा खराट्याने ओढला की वाळूतलं सगळं सोबत येतं. शिंपले, काटे आई बोटांनीच ओळखते. ही थोटकं मऊ, बोटांना लागतच नाहीत. तू म्हणायचास, कागदच तो, विरघळतो. त्यातलं एक मी पेल्यात भिजत घातलंय. पाणी केव्हाच पिवळं झालं, तो कापूस जसाच्या तसा. कापूस नव्हेच, प्लास्टिकचे धागे आहेत म्हणे, शाळेतल्या बाईंनी सांगितलं. हेच भरतीबरोबर खाडीत जातं. मग जाळ्यात येणारी कोळंबी काय खाऊन येते, याचा मी फार विचार करत नाही.

आईने मात्र एकच अर्थ काढला, की आपले डोळे गेले. टोपली तिने शेजारच्या रूपीला देऊन टाकली. दिवसभर ओट्यावर बसून सुईत दोरा ओवून बघते. ओवला जातो, तरी तिला पटत नाही. तिला असं रिकामं बसलेलं बघून मला फार वाईट वाटतं.

आणि राग तुझा येतो. दसऱ्याला ऑफिसातले मित्र घेऊन आलास, तेव्हा तुम्ही खळ्यावरच बसला होतात. ओढून झालेली सिगारेट तिथेच वाळूत खुपसत होतात, तूसुद्धा, मी पडवीतून पाहिलं. हे आईला सांगितलं, तर म्हणाली, पोरावर ढकलून माझी समजूत काढू नको. माझ्या तोंडून तिला पटणार नाही, म्हणून लिहितेय. रविवारी एकटा ये. तिच्यासमोर बस आणि सांग, आई, तुझे डोळे शाबूत आहेत, ती थोटकं माझी होती.

रागावलेली, तरी तुझीच,
दक्षाताई